ट्रॅक्टरच्या एंजिनाचें व गिअरपेटीचें तेल

बैलगाडीच्या आंसास वेळेवर वंगण न मिळाल्यास चाक कुरकुरूं लागतें व गाडीवानास तें लागलीच ऐकूं येतें. ट्रॅक्टरचें तसें नाहीं. त्यांत अयोग्य तेल घातलें तरी यंत्र कांहीं काळ निमूटपणें काम करतें, आणि मग एके दिवशीं रिंगा, बेअरिंगें किंवा गिअरचे दांते यांचा खर्च एकदम अंगावर येतो. ट्रॅक्टर बहुधा कर्ज काढून घेतलेला असतो. हप्ते चालूं असतां तो ऐन पेरणींत उभा राहणें म्हणजे दुहेरी नुकसान होय. याकरितां किंमत, रंग अथवा बोटास लागणारी जाडी यांवरून तेल न निवडतां, तें ज्या ठिकाणीं जावयाचें तेथील कामावरून तें कसें निवडावें, याचें विवेचन येथें केलें आहे.

एंजिनाचें तेल

एंजिन चालूं असतां क्रँक व बेअरिंग हीं एकमेकांस टेकत नाहींत. त्यांच्यामध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असतो व सर्व भार तोच पेलतो. शिवाय पिस्टनची उष्णता वाहून नेणें व डिझेलच्या ज्वलनानें होणारी काजळी आपल्या अंगांत विखुरलेली ठेवणें, हीं कामेंही तेलासच करावीं लागतात. तेल तापलें म्हणजे पातळ होतें. पापुद्रा तुटेल इतकें पातळ तें होतां कामा नये, आणि थंडींत एंजिन फिरूं देणार नाहीं इतकें जाडही असतां कामा नये.

ह्या दोन्ही गोष्टी डब्यावरील आंकड्यांवरून समजतात. एस. ए. ई. या अमेरिकन एंजिनियरांच्या संस्थेनें १९११ सालीं ही प्रतवारी प्रथम घालून दिली व पुढें तींत अनेक सुधारणा झाल्या. ‘१५ डब्ल्यू-४०’ यांतील ४० हा आंकडा १०० अंश सेल्सिअस उष्णतेवरील जाडी दाखवितो, ती १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असावी लागते. ‘डब्ल्यू’ हें हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. १५ डब्ल्यू तेलांत एंजिन फिरेल कीं नाहीं, याची परीक्षा शून्याखालीं २० अंशांवर घेतात. निफाडच्या कडाक्याच्या थंडींतही पारा इतका खालीं जात नाहीं; म्हणून कारखान्यानें स्पष्ट सांगितलें नसेल तर ‘५ डब्ल्यू’ करितां जादा दाम मोजण्याचें आपल्याकडे कारण नाहीं.

जाडीइतकीच महत्त्वाची दुसरी खूण अक्षरांची. ए. पी. आय. या संस्थेच्या वर्गवारींत पेट्रोल एंजिनांच्या तेलास ‘एस’ व डिझेल एंजिनांच्या तेलास ‘सी’ हें पहिलें अक्षर असतें. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी डिझेल तेलांची चढती पायरी आहे. सामान्यतः पुस्तकांत सांगितलेल्याहून पुढच्या पायरीचें तेल चालतें. मागच्या पायरीचें चालत नाहीं. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. अशा ज्या ट्रॅक्टरांस काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते, त्यांस कमी राख सोडणारें, म्हणजे सीजे-४ किंवा सीके-४ जातीचें तेल लागतें. एरव्हीं राखेनें गाळणी चोंदते.

अतिवेगवान मोटारींचें भारी तेल ट्रॅक्टरासही हितकर असेल, असा समज कोठें कोठें आढळतो. जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कारखान्याच्या ‘एम-३’ मोटारीच्या एका पिढीस १० डब्ल्यू-६० तेल सांगितलेलें असे. तिचें पेट्रोल एंजिन मिनिटास ८००० फेऱ्यांपर्यंत जाई. ट्रॅक्टरचें एंजिन सुमारें दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांवर, परंतु भरपूर भारानें तासन्‌तास चालतें व काजळी पुष्कळ करतें. दोघांचें काम भिन्न, म्हणून तेलही भिन्न. महाग तेल तेंच चांगलें, हें मत येथें टिकत नाहीं.

गिअरपेटीचें तेल

गिअरपेटीचें ‘९० नंबर’ तेल एंजिनाच्या ‘४०’ तेलाहून दुपटीनें जाड असतें, असें पुष्कळांस वाटतें. तें चूक आहे. एका तालुक्याची पायली जशी दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशीं जुळत नसे, तशींच हीं दोन मापें निराळीं आहेत. वस्तुतः ९० नंबरची जाडी १०० अंशांवर १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, म्हणजे एंजिनाच्या ४० किंवा ५० तेलाएवढीच भरते. खरा भेद जाडींत नसून आंत मिसळलेल्या औषधांत आहे.

गिअरचे दांते एकमेकांवर दाबून घसरतात, तेव्हां नुसता पापुद्रा पुरत नाहीं. म्हणून त्या तेलांत गंधक व स्फुरद यांचीं संयुगें घालतात. त्यांचें प्रमाण ‘जीएल-४’ जातींत बेताचें व ‘जीएल-५’ जातींत अधिक असतें. जीएल-५ हें तिरकस दांत्यांच्या, अतिशय दाब येणाऱ्या चक्रांकरितां आहे. ज्या पेटींत गिअर जुळविणारीं पितळी कडीं असतात व कारखान्यानें जीएल-४ सांगितलेलें असतें, तेथें जीएल-५ घातल्यास पितळ झिजण्याचा व गिअर अडून पडण्याचा संभव असतो.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. हल्लींच्या बहुतेक ट्रॅक्टरांत ब्रेकच्या चकत्या तेलांत बुडालेल्या असतात, आणि पुष्कळांत तेंच तेल गिअर व लिफ्ट यांसही पुरवितें. अशा ठिकाणीं दांत्यांस निसरडेपणा व ब्रेकला पकड, या परस्परविरोधी गोष्टी एकाच तेलास साधाव्या लागतात. त्याकरितां ‘वेट ब्रेक’ जातीचें खास तेल मिळतें. त्याऐवजीं साधें ९० नंबर घातल्यास ब्रेक किंचाळतात, थरथरतात किंवा घसरतात. उसानें भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरतांना असें झालें, तर प्रश्न खर्चाचा राहत नाहीं, प्राणाचा होतो.

देखरेख

रोज सकाळीं ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून, एंजिन सुरू करण्यापूर्वीं पट्टीवर तेल पाहावें. डिझेल एंजिनांत तेल लवकर काळें होतें. तो दोष नव्हे, काजळी तेलांत तरंगत राहिल्याची ती खूण आहे. परंतु तेल दुधासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें. भाताच्या चिखलणीनंतर गिअरपेटीचें तेल याकरितां अवश्य तपासावें. पातळी आपोआप वाढली व डिझेलचा वास आला, तर डिझेल आंत गळत आहे. दोन्ही प्रसंगीं ट्रॅक्टर थांबवून दुरुस्ती करावी. बदलीची मुदत महिन्यांवर नव्हे, मुख्यतः तासांवर मोजावी. पुष्कळ कारखाने पहिली बदली ५० तासांनीं व पुढील २५० तासांनीं सांगतात. आपल्या ट्रॅक्टराच्या पुस्तकांतील आंकडा तोच प्रमाण मानावा. तेलाबरोबर गाळणीही बदलावी.

तेल मोहोरबंद डब्यांतच व पावती घेऊन विकत घ्यावें, आणि रिकाम्या डब्यास भोंक पाडावें, म्हणजे बनावट तेल भरण्यास तो उपयोगी पडणार नाहीं. जळकें तेल विहिरीजवळ किंवा ओढ्यांत ओतूं नये. तें अंगास लावणेंही अपायकारक आहे. तें सांठवून अधिकृत खरेदीदारास द्यावें. डबा घेण्यापूर्वीं पुस्तकांतील जाडीचा आंकडा व जातीचीं अक्षरें कागदावर उतरून घेऊन दुकानांत जावें. एवढी दक्षता शेतकरीबंधूंनीं घेतल्यास पुष्कळ मोठे खर्च टळतील.