दप्तर गावाचे, पुरावा आमचा!

चारकोप म्हटले की आज डोळ्यासमोर येतात ते म्हाडाचे सेक्टर, बैठ्या चाळींवर चढलेले मजले आणि गल्लीबोळांतील बुद्धविहार. परंतु महसुली कागदावर हे आजही ‘मौजे चारकोप, तालुका बोरिवली’ आहे. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि येथील गावे महापालिकेत आली. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने म्हाडाने येथे वसाहत उभी केली. त्या वसाहतीत कोकण, घाट, मराठवाड्यातून आलेला आपला समाज स्थिरावला. गाव सुटले, पण गावाच्या दप्तराने आपल्याला सोडलेले नाही!

कारण मुलगा बारावी झाला, मुलीची नोकरीसाठी निवड झाली की पहिला प्रश्न येतो जातीच्या दाखल्याचा आणि पाठोपाठ पडताळणीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख निर्णायक. त्या दिवशी आजोबा-पणजोबा ज्या गावचे रहिवासी होते तेथील पुरावा आणा, असे कायदा म्हणतो. ज्या आजोबाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याचा शाळेचा दाखला कोठून आणायचा? अशा वेळी उरतो तो गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार, हक्कनोंदणी किंवा वतनाचे कागद. १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन जी जात आपण फेकून दिली, तीच त्या जीर्ण कागदात शोधावी लागते. हे क्लेशदायक आहे, परंतु घटनात्मक हक्काचा मार्ग तेथूनच जातो.

हे दप्तर कोणी लिहिले? कुलकर्ण्याने. हुकूम पाटलाचा. आपण त्यात होतो ते नावापुरते, राबणारे म्हणून. गावाच्या शिवेचा तंटा महाराच्या साक्षीने मिटत असे. सरकारी टपाल, वसुलाची रक्कम तोच वाहून नेई. ज्याच्या शब्दावर गावाची सीमा ठरत होती, त्याच्याच नातवाला आज ‘तू या गावचा कशावरून?’ असे विचारले जाते!

बाबासाहेबांनी ही गावगाड्याची गुलामी नेमकी ओळखली होती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व हवे, असे त्यांनी बजावले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांचा बुरखा फाडला. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. शेतसाऱ्याच्या पटीत रक्कम भरून जमिनी नवीन शर्तीने परत मिळाल्या. या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. वतनाची नोंदवही व फेरफार हाती असेल तर विनापरवानगी झालेल्या व्यवहाराला आव्हान देता येते. म्हणजे दप्तर हा केवळ इतिहास नव्हे, तर दाखला आणि जमीन या दोन्हींची किल्ली आहे.

सरकारने मनात आणले तर काय होते, हे २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. तहसीलची अभिलेख कक्षे उघडली, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल एवढाच की, त्याच कपाटात, त्याच बुकात पुढच्या ओळीवर असलेली महार, मांग, चांभार, ढोर यांची नोंद का नाही टिपली? कागद तोच, मोडी तीच, मग दृष्टी का वेगळी?

परदेशातले उदाहरण घ्या. वेल्ससारख्या छोट्या प्रदेशात खेड्यांच्या निवडलेल्या परिषदा १८९४ च्या कायद्याने आल्या. तेथे १९९४ च्या कायद्याने प्रमुख स्थानिक परिषदांवर आपले अभिलेख नीट जतन करण्याची योजना आखण्याचे बंधन घातले. कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा. तरीही ‘अभिलेख जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही’ हा शेरा आपल्या पाचवीला पुजलेला आहे. अभिलेख सांभाळणे हे कार्यालयाचे कर्तव्य असताना शिक्षा मात्र अर्जदाराच्या मुलाला!

म्हणून समाजबांधवांनो, निवड यादी लागण्याची वाट पाहू नका. यंदा गावी जाल तेव्हा माहिती अधिकाराखाली अभिलेख तपासणीचा अर्ज करा. गाव नमुना १४, फेरफार, हक्कनोंदणी, वतन नोंदवही, तसेच ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांच्या प्रमाणित नकला घ्या. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले तर ते लेखी घ्या आणि अपिलात जा. आपल्या विहारांतून धम्मवर्गाबरोबर मोडी लिपीचे वर्ग सुरू व्हावेत. चारकोपमधील एका गावच्या मंडळींनी एकत्र अर्ज केला तर चाळीस घरांचे काम एका फेरीत होईल.

ज्या दप्तरात आपली गुलामी लिहिली गेली, त्याच दप्तरातून आपला हक्क सिद्ध करायचा आहे. ते वाळवीच्या स्वाधीन होण्याआधी आपल्या हाती आले पाहिजे. शासनाला विचारा, एकदा उघडलेली कपाटे आमच्यासाठी पुन्हा कधी उघडणार?

जय भीम!