आइसलंडांतील अग्नि व एक पाळक

आइसलंड हें बेट उत्तर अटलांटिक महासागरांत, उत्तरध्रुववृत्ताच्या अगदीं लगत आहे. नांव बर्फाचें, पण पोटांत अग्नि! पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे, एक अमेरिकेकडील व दुसरा यूरोपाकडील, या बेटाखालीं दरवर्षीं सुमारें 2 सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरतात आणि मधल्या भेगांतून शिलारस वर येतो.

गेल्या जून महिन्यांत आम्हीं सहकुटुंब या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यानें मोटारीचा प्रवास केला. बेटासभोंवार जाणारा वर्तुळमार्ग सुमारें 1,300 किलोमीटर लांब असून तो 1974 सालीं पुरा झाला. त्या दिवसांत काळोखी रात्र अशी होतच नाहीं. अकरा वाजले तरी मुलें निजावयास तयार नसत, व बाहेर लख्ख उजेड असल्यामुळें त्यांस दटावण्यास आम्हांसही तोंड नसे.

वीक गांवाजवळ समुद्रकांठीं काळ्या पाषाणाचे षट्कोनी खांब ओळीनें उभे आहेत. शिलारस थिजतांना आकसतो व त्यास अशा भेगा पडतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हें दृश्य परकें वाटणार नाहीं. आपलें दख्खनचें पठारही सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं शिलारसाचे थर सांचून बनलें आहे.

पुढें रस्ता शेवाळानें मढलेल्या एका उंचसखल मैदानांत शिरतो. “कोणीं गाद्या अंथरल्या?” असें आमच्या धाकट्या मुलीनें विचारलें. त्या गाद्यांखालीं 1783 सालचा शिलारस आहे. त्या वर्षीं 8 जून रोजीं लाकी येथें जमीन फुटूं लागली. भेग वाढत सुमारें 27 किलोमीटर झाली व आठ महिने धगधगत राहिली. शिलारसाहून धूरच अधिक घातक ठरला. त्यांतील फ्लोरीन गवतावर बसलें व तें गवत खाऊन तीन-चतुर्थांशांहून अधिक मेंढ्या दगावल्या. मग माणसांची पाळी आली. लोकसंख्येचा सुमारें पंचमांश दुष्काळानें व रोगानें नाहींसा झाला.

या प्रदेशाचे पाळक योन स्टेनग्रिम्सोन हे होते. 20 जुलै 1783, रविवार. शिलारस देवळाच्या रोखानें येत होता आणि ही कदाचित् शेवटचीच उपासना, अशा समजुतीनें मंडळी जमली. उपासना आटोपून लोक पाहावयास गेले, तों शिलारस पुढें सरकला नव्हता. जागच्या जागींच थरावर थर चढत होता.

“मग तो प्रार्थनेनें थांबला कीं आणखी कशानें?” थोरल्या मुलाचा प्रश्न रास्त होता. पाळकांनीं स्वतः देवाचे आभार मानले आहेत, आणि नद्यांचें तुंबलेलें पाणी शिलारसावर ओसंडून त्यास थिजवीत होतें हेंही लिहून ठेविलें आहे. एक लिहावें म्हणून त्यांनीं दुसरें दडविलें नाहीं.

आम्हांस मात्र त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. पुढें दुष्काळनिवारणाचा सरकारी पैसा मोहोरबंद पेटींत त्यांच्या हवालीं करण्यांत आला. वाटेंत उपाशी शेतकरी भेटले. पाळकांनीं मोहोर फोडून त्यांस कांहीं पैसे दिले. याबद्दल त्यांस दंड झाला व जाहीर माफी मागावी लागली.

1791 सालीं ते वारले. किर्क्युबायरक्लाउस्तुर गांवीं त्यांची कबर आहे व 1974 सालीं बांधलेलें त्यांचें स्मारकमंदिर आहे. आम्ही पोहोंचलों तेव्हां दार बंद होतें. मुलांनीं कांचेला नाक लावून आंत डोकावून पाहिलें, आणि आम्ही मोटारीकडे परतलों.