नव्या घराच्या भिंतीत आधी नळी, मग तार

बंगळुरूच्या इंदिरानगरमध्ये जुना बंगला पाडून त्याच जागेवर तीन-चार मजली घर उभारणे आता नित्याचे झाले आहे. अशा घराच्या कागदपत्रांत पाणी, सांडपाणी आणि वीज यांचे स्वतंत्र नकाशे असतात. दूरचित्रवाणी, ध्वनियंत्रणा आणि इंटरनेट यांच्या तारांचा नकाशा मात्र बहुधा नसतो. त्याची आठवण गिलावा आणि रंगकाम झाल्यावर होते. तोवर उशीर झालेला असतो. नवी भिंत फोडणे किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीतून तारा उघड्यावर नेणे, हे दोनच मार्ग मग उरतात.

इंदिरानगरची आखणी बंगळुरू विकास प्राधिकरणाच्या काळातील. हे प्राधिकरण १९७६ मध्ये स्थापन झाले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या परिसरालगतच्या या वसाहतीचा मोठा भाग सरकारी कागदोपत्री आजही ‘एचएएल दुसरा टप्पा’ म्हणूनच ओळखला जातो. शहराच्या इतर वसाहतींप्रमाणे येथेही ३० बाय ४० किंवा ४० बाय ६० फुटांच्या भूखंडांची मापे सर्वांच्या तोंडी असतात. महाराष्ट्रात ज्याला ‘प्लॉट’ म्हणतात त्याला तेथे ‘साइट’ म्हणतात. त्यावरील जुन्या घरांत दिवाणखान्यात टेलिफोनची एक तार आणि गच्चीवरून खिडकीवाटे आलेली अँटेनाची किंवा केबल टीव्हीची एक तार, एवढीच संदेशवहनाची व्यवस्था असे. त्या काळी ती पुरेशीही होती.

देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट ही ‘ब्रॉडबँड’ची किमान मर्यादा ठरली. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत आता एक गिगाबिट वेगाची जोडणी घरगुती ग्राहकाला विकत मिळते, म्हणजे २००४ च्या व्याख्येच्या सुमारे चार हजार पट. घराची भिंत मात्र त्या वीस वर्षांत एकदाही बदललेली नसते.

तार जुनी होते, नळी होत नाही

चित्र आणि ध्वनी एकत्र वाहून नेणाऱ्या एचडीएमआय केबलचे उदाहरण येथे बोलके आहे. या पद्धतीची पहिली आवृत्ती २००२ च्या अखेरीस आली. २००९ च्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला सुमारे १०.२ गिगाबिट होती, २०१३ च्या २.० आवृत्तीची १८ आणि २०१७ च्या २.१ आवृत्तीची ४८. ज्यांनी २०१० मध्ये घर बांधताना त्या वेळची उत्तम केबल भिंतीत थेट गिलाव्याखाली पुरली, त्यांना आजच्या दूरचित्रवाणी संचाच्या पूर्ण क्षमतेचा लाभ त्या केबलमधून घेता येत नाही. केबल महाग होती, चांगलीही होती. चूक ती पुरण्यात होती.

म्हणून नियोजनाचा आरंभ तारेपासून नव्हे, तर नळीपासून करावा लागतो. तंत्रज्ञ ज्याला ‘कॉन्ड्युट’ म्हणतात ती कडक पीव्हीसीची पोकळ नळी भिंतीत असेल, तर जुनी तार ओढून काढता येते आणि तिच्याच टोकाला बांधून नवी आत नेता येते. भारतात या नळ्या २०, २५, ३२, ४० व ५० मिलिमीटर अशा व्यासांत मिळतात. विजेच्या कामात २० किंवा २५ मिलिमीटरची नळी सर्रास वापरली जाते आणि वायरमन सवयीने तीच डेटा केबललाही लावतो. नळीच्या पोकळीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग तारांनी भरू नये, असा संकेत आहे; त्यापलीकडे तार ओढताना घासते आणि ताणली जाते. एचडीएमआय केबलचे टोक कारखान्यातच बसवलेले असते व ते तारेपेक्षा बरेच रुंद असते. दूरचित्रवाणी संचाच्या मागून उपकरणांच्या कपाटापर्यंत जाणारी नळी त्यामुळे निदान ४० मिलिमीटरची हवी, आणि तिच्यात काटकोनी ‘एल्बो’ नकोत, लांब वळणाचे ‘बेंड’ हवेत. घर बांधणाऱ्याने एकाच गोष्टीसाठी हट्ट धरायचा असेल, तर तो याच नळीसाठी धरावा.

वेळेचेही गणित आहे. छतातून जाणाऱ्या नळ्या काँक्रीट ओतण्यापूर्वी, सळयांच्या खालच्या व वरच्या थरांमध्ये बांधाव्या लागतात. ही संधी प्रत्येक मजल्याला एकदाच येते आणि ती सहसा एका दिवसाची असते. छतातील नळी जाड वर्गातील असावी. पातळ नळी मजुराच्या पायाखाली चेपते आणि ती चेपली आहे हे सहा महिन्यांनी कळते. अनेक नळ्या एका जागी गोळा झाल्यास छत कमकुवत होऊ शकते, तेव्हा त्यांचा मार्ग संरचना अभियंत्याला आधी दाखवणे आवश्यक ठरते. प्रत्येक नळीत नायलॉनची दोरी घालून दोन्ही टोके बंद करावीत, कारण उघड्या तोंडातून सिमेंटचे पाणी आत शिरले की नळी असून नसल्यासारखी होते.

सर्व तारा एका कपाटाकडे

डेटा केबलसाठी खोलीतून खोलीत अशी साखळी चालत नाही. प्रत्येक जागेपासून स्वतंत्र केबल एका मध्यवर्ती कपाटापर्यंत यावी लागते. जिन्याखालची जागा यासाठी सोयीची असते, मात्र तिला हवा खेळण्यास झरोके हवेत आणि बॅटरीवर चालणारा विजेचा बिंदू हवा. बाहेरून येणारी ऑप्टिकल फायबरची तारही तेथेच उतरली पाहिजे. अनेक घरांत ती प्रवेशद्वाराजवळ संपते आणि तेथून पुढे सारा भार वाय-फायवर पडतो.

वाय-फाय असताना तारेची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. बंगळुरूमध्ये भिंतींसाठी भरीव काँक्रीट ब्लॉक मोठ्या प्रमाणात वापरले जातात. वाय-फायच्या वेगवान ५ गिगाहर्ट्झ लहरी अशा दोन भिंती ओलांडताना क्षीण होतात, आणि सळयांचे छत तर त्याहून मोठा अडसर. अरुंद भूखंडावर घर उंच वाढते, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर वाय-फायचे वेगळे उपकरण लावावे लागते. ते छताच्या मध्यावर असावे आणि त्याला माहिती व वीज दोन्ही एकाच डेटा केबलमधून मिळावी, ही व्यवस्था सर्वांत नेटकी. थोडक्यात, चांगल्या वाय-फायच्या मागे तारच असते.

केबलची निवड फारशी कठीण नाही. ‘कॅट ५ई’ प्रकार १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग देतो. ‘कॅट ६’ कमी अंतरावर, साधारण ५५ मीटरपर्यंत, दहा गिगाबिट नेऊ शकतो, आणि ‘कॅट ६ए’ तेच पूर्ण १०० मीटरवर. ३० बाय ४० च्या घरात कोणतीही केबल ५५ मीटरची होत नाही. ‘कॅट ६’ पुरेशी आहे. अधिक महत्त्वाचे म्हणजे ती शुद्ध तांब्याची असणे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते आणि आवरणावर नाव तेच असते. टोक ब्लेडने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. डेटा केबल विजेच्या तारेसोबत एकाच नळीत कधीही घालू नये. समांतर जाताना दोहोंत निदान एक फूट अंतर असावे, ओलांडायचेच झाल्यास काटकोनात ओलांडावे.

बाहेरून येणारी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. बंगळुरूच्या झाडांवर आणि खांबांवर लोंबणाऱ्या केबलींची जाळी हा तेथील जुना नागरी प्रश्न आहे आणि त्या हटवण्याच्या मोहिमा वारंवार निघतात. फाटकापासून मध्यवर्ती कपाटापर्यंत जमिनीखालून दोन रिकाम्या नळ्या असतील, तर सेवा पुरवणारी कंपनी बदलली तरी दर्शनी भिंतीला नवे छिद्र पडत नाही. एप्रिल-मेमधील विजांचा कडकडाट हे दुसरे कारण. गच्चीवरील किंवा फाटकाजवळील कॅमेऱ्याची तांब्याची तार विजेचा दाब घरात आणू शकते, म्हणून तिच्या मुखाशी संरक्षक उपकरण व योग्य भूसंपर्कन हवे.

चित्रपटाची खोली

होम थिएटरच्या बाबतीत पहिला निर्णय यंत्रांचा नसून खोलीच्या मापांचा असतो. लांबी आणि रुंदी सारखी असलेली खोली सर्वांत वाईट, कारण दोन्ही दिशांना त्याच कंप्रतेचे खर्ज सूर घुमतात. १८ फूट लांबीच्या खोलीत हा घुमारा साधारण ३१ हर्ट्झला सुरू होतो. ६५ इंची पडदा सुमारे नऊ फुटांवरून पाहिला असता डोळ्यांसमोर ३० अंशांचा कोन व्यापतो, आणि चित्रपटासाठी तेवढा कोन योग्य मानला जातो. बैठक कोठे येणार हे त्यावरून ठरते आणि बैठकीवरून स्पीकरच्या जागा ठरतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ५.१ पद्धतीत पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर बाजूचे सुमारे ११० अंशांवर, म्हणजे श्रोत्याच्या किंचित मागे असावेत. चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आणि घरांत २०१४ मध्ये आलेल्या ‘डॉल्बी ॲटमॉस’ने यात डोक्यावरच्या स्पीकरांची भर घातली. आज ते घ्यायचे नसले तरी छतात दोन ते चार जागी नळी सोडून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

स्पीकरच्या तारांबाबत बाजारात बराच गूढवाद आहे. प्रत्यक्षात तांब्याची जाडी आणि लांबी एवढेच पाहायचे असते. १५ मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटरच्या दुहेरी तारेचा जाण्या-येण्याचा रोध सुमारे ०.३४ ओहम होतो, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेचा ०.२१ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला दोन्ही चालतात. चार ओहमच्या स्पीकरला दुसरी घ्यावी. त्यापुढचा खर्च पडद्यांवर आणि गालिच्यावर केल्यास कानाला फरक जाणवेल.

शेजाऱ्यांचा विचार इंदिरानगरमध्ये विशेष करावा लागतो. १०० फुटी रस्त्यावरील उपाहारगृहे व पबच्या आवाजाविरुद्ध येथील रहिवाशांनी अनेक वर्षे तक्रारी केल्या आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, आणि ती घरगुती यंत्रणेसाठी शिथिल होत नाही. भूखंड लहान असल्याने शेजारची खिडकी काही फुटांवर असते. खर्ज आवाज पडद्यांनी अडत नाही. त्यासाठी जड भिंत, फटी नसलेला भरीव दरवाजा आणि शक्य तर तळमजल्याची खोली लागते.

घराच्या अंतर्गत जोडणीचा प्रश्न आता नियामकांपर्यंतही पोहोचला आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देण्याचे विनियम जारी केले.

नकाशा कागदावर कितीही चांगला असला, तरी गिलाव्यापूर्वीचा एक दिवस तपासणीसाठी राखून ठेवावा लागतो. प्रत्येक नळीतील दोरी दोन्ही बाजूंनी ओढून पाहावी. प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मोजपट्टी लावून घ्यावे, म्हणजे पुढे खिळा ठोकताना नळी कोठे आहे हे कळेल. केबल घातल्यावर तिच्यातील आठही तारा तपासणी यंत्राने जोडून पाहाव्यात. गिगाबिट वेगाला आठही लागतात. त्यांतील एखादी तुटलेली असली तरी जोडणी अनेकदा बंद पडत नाही, गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, आणि घरमालक वर्षानुवर्षे सेवा पुरवणाऱ्या कंपनीला दोष देत राहतो.