जुन्या संगणकाची कार्यप्रणाली



उद्यमबागेतील मशीन शॉपमध्ये काम करणारे आपले माजी विद्यार्थी मला एक प्रश्न वारंवार विचारतात. लेथशेजारचा जुना संगणक चालू ठेवावयाचा, तर त्यावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, असावी?

'सर्वांत नवी' हे उत्तर येथे निरुपयोगी आहे. विंडोज ९८ ला १६ मेगाबाइट मेमरी पुरत असे. २००१ च्या एक्सपीला किमान ६४ लागे. २०२१ च्या विंडोज ११ ला ४ गिगाबाइट लागते. परंतु खरी अडचण मेमरीची नसून केबलची आहे. जुनी सीएनसी यंत्रे आपला प्रोग्रॅम आरएस-२३२ या सीरियल केबलमधून घेतात, आणि तो पाठविणारे पुष्कळसे सॉफ्टवेअर डॉससाठी लिहिलेले असते. डॉसमध्ये सॉफ्टवेअर पोर्टशी थेट बोलते. मध्ये द्वारपाल नसतो. विंडोज ९८ डॉसच्याच पायावर उभी असल्याने तेथेही बहुधा निभावते. एक्सपी मात्र एनटीच्या घराण्यातली. सॉफ्टवेअर आणि पोर्ट यांच्यामध्ये ती स्वतः उभी राहते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच. पण त्यामुळे वेळेचा मेळ बिघडू शकतो. प्रोग्रॅम अर्धवट पोहोचला की जॉब वाया जातो, प्रसंगी टूलही मोडते. ६४ बिटांच्या विंडोजवर तर डॉसचे सॉफ्टवेअर मुळी चालतच नाही.

म्हणून जो संगणक केवळ लेथशी बोलतो, त्याला डॉसवरच राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ डॉस हाताशी नसेल तर फ्रीडॉस विनामूल्य मिळते; तिची १.३ ही आवृत्ती २०२२ साली निघाली. मात्र अशा संगणकाला इंटरनेट जोडू नये. हार्ड डिस्कची प्रतही आजच काढून ठेवावी. डिस्क बंद पडली की चांगली कार्यप्रणाली काय कामाची?

ऑफिसातील हिशेबाचा, पत्रव्यवहाराचा संगणक ही निराळी गोष्ट. तेथे एक्सपीचा मोह टाळावा. हाताला तिची सवय आहे हे खरे. परंतु मायक्रोसॉफ्टने तिच्या सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायचा जगभर उपद्रव झाला, तेव्हा अपवाद म्हणून एक दुरुस्ती काढावी लागली. अशा यंत्रावर एक्सएफसीईसारख्या हलक्या डेस्कटॉपचे लिनक्स बरे. आधी प्रोसेसर ६४ बिटांचा आहे ना, हे पाहावे. २०२५ च्या डेबियन १३ पासून ३२ बिटांसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी पत्रे असतील, तर ती युनिकोडमध्ये उतरवून घेतल्याखेरीज जुनी डिस्क पुसू नये.