पक्ष बदलला, हिशेब राहिला

शस्त्र खाली ठेवणाऱ्यास राज्यकर्त्यांनी अभय द्यावे, हा जुना दंडक आम्हांसही मान्य आहे. परंतु शस्त्र खाली ठेवणे निराळे आणि त्याचे तोंड फिरविणे निराळे. श्रीलंकेच्या यादवी युद्धात ‘कर्नल करुणा’ या नावाने गाजलेले विनयागमूर्ती मुरलीधरन यांचे चरित्र या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआ जिल्ह्याचे हे तरुण १९८३ साली, म्हणजे तमिळांच्या शिरकाणाच्या वर्षी, तमिळ वाघांच्या संघटनेत शिरले आणि यथाकाल पूर्व विभागाचे सेनापती झाले. मार्च २००४ मध्ये त्यांनी प्रभाकरन यांच्याशी संबंध तोडले. रक्त सांडावे पूर्वेच्या मुलांनी आणि अधिकारपदे भोगावीत उत्तरेच्या मंडळींनी, ही त्यांची तक्रार. तीत तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या मुलांना रणांगणावर नेले कोणी? त्यांतील कित्येक अल्पवयीन होती आणि त्यांची भरती याच सेनापतींच्या अमलाखाली झाली होती.

एप्रिलमध्ये उत्तरेची फौज वेरुगल नदी ओलांडून आली, तेव्हा करुणांनी आपले सैन्य विसर्जित केले. मुले घरी परतली खरी. परंतु पुढे सरकारी सैन्याच्या आश्रयास गेलेल्या करुणांच्या गटानेही मुलेच पळविली, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांनी केली आहे.

२००८ साली खोट्या पारपत्रापायी लंडनमध्ये त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ते स्वदेशी खासदार झाले आणि मार्च २००९ मध्ये मंत्री. खाते कोणते? राष्ट्रीय एकात्मतेचे! जून १९९० मध्ये पूर्वेत शरण आलेल्या शेकडो पोलिसांची वाघांनी हत्या केली. त्या हत्याकांडातील आपला हात करुणा नाकारीत आले. परंतु न्यायासनासमोर त्याचा निवाडा कधी झालाच नाही. २०२० च्या निवडणूक प्रचारात तर, एका रात्रीत दोन-तीन हजार सैनिक मारल्याची प्रौढी त्यांनी मिरविली. अखेर मार्च २०२५ मध्ये त्यांच्यावर निर्बंध लादले ते ब्रिटनने.

फितुराचा उपयोग करून युद्ध जिंकता येते, हे श्रीलंकेने दाखविले. परंतु आपल्या शत्रूला क्षमा करण्याचा अधिकार सरकारला असला, तरी मृतांच्या वतीने आणि पळविलेल्या मुलांच्या मातांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?