खिडकीतला भूगोल (भाग ६) : बागडोगऱ्याला जाताना डावी बाजू

तिकीट काढताना ‘खिडकी द्या’ म्हटलं की बहुतेकांचं काम झालं. कुठल्या बाजूची खिडकी, हा प्रश्न विमान उडाल्यावर पडतो, तोही पलीकडच्या रांगेतले लोक काचेला नाक लावून ‘ते बघ, ते बघ’ करू लागल्यावर. आज त्यासाठी एकच मार्ग घेऊ : दिल्ली ते बागडोगरा. दार्जिलिंग-सिक्कीमला निघालेली आपल्याकडची मंडळी बागडोगऱ्यालाच उतरतात. मुंबईहून थेट विमानाने गेलात तर ते नैर्ऋत्येकडून येतं, म्हणून हिमालय वाट्याला येतो तो शेवटच्या टप्प्यात. दिल्लीहून मात्र तो बराच वेळ सोबतीला असतो. देखाव्याची हौस असेल तर दिल्लीत विमान बदलण्याचा त्रास मी आनंदाने सोसेन.

नकाशा समोर ठेवा. विमान पूर्वेकडे, किंचित आग्नेयेला झुकून जातं. हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला. सहा आसनांच्या रांगेत डावी खिडकी ‘ए’, उजवी ‘एफ’. तेव्हा ‘ए’.

आता ऊन. हा सगळा मार्ग कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. ऑक्टोबर ते मार्च सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दिवसभर तो उजव्या खिडक्यांना छळतो. डावीकडच्यांना ऊन पाठीमागून मिळतं आणि समोर शिखरांच्या दक्षिणेकडच्या भिंती उजळलेल्या असतात. देखावा एका बाजूला आणि सूर्य दुसऱ्या बाजूला, असा योग दुर्मीळच. उलट मुंबईहून गोव्याला सकाळच्या विमानाने निघा : सह्याद्री डावीकडे, आणि सूर्यही डावीकडेच.

आठ हजार मीटरवरची शिखरं जगात १४. त्यांतली ८ नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर आहेत आणि या प्रवासात ती पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागून एक येतात. आधी धवलगिरी, मग अन्नपूर्णा; दोघांच्या मधली खोल फट म्हणजे काली गंडकीची दरी. पुढे मनासलू. एव्हरेस्टपाशी मात्र अनेकांची फसगत होते. दक्षिणेकडून पाहताना ते नुप्त्से-ल्होत्सेच्या भिंतीमागून जेमतेम डोकं काढतं आणि शेजारचं मकालू जास्त रुबाबदार दिसतं. काळपट त्रिकोण आणि त्याच्या माथ्यावरून वाऱ्याने उडणारा बर्फाचा तुरा शोधा. कांचनजंगा शोधावं लागत नाही. ८,५८६ मीटरचा हा डोंगर एकटाच ऐसपैस बसलेला असतो. माझं मत विचाराल तर या प्रवासाचा खरा मानकरी तोच.

पंखाची चर्चा इथे नेहमीपेक्षा कमी महत्त्वाची. पंख झाकतो ती खालची जमीन. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असलं तरी शिखरं दूर आहेत, म्हणून ती क्षितिजापाशीच दिसतात आणि पंखाच्या वरूनही नजर पोहोचते. फार तर त्याचं वळलेलं टोक फोटोत येईल. तरीही पर्याय असेल तर पंखाच्या पुढच्या रांगा घ्या. मागच्या रांगांतून खाली पाहिलं की इंजिनाच्या तप्त झोतातून दृश्य थरथरतं. बोइंग ७३७ असेल तर दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास जरा जपून. त्या जातीच्या बऱ्याच विमानांत वातानुकूलनाची नळी तिथून वर जाते, म्हणून ‘खिडकी’च्या जागी नुसती भिंत मिळू शकते. जादा पैसे मोजून भिंत बघण्यात काही अर्थ नाही.

पावसाळ्यात ढग, एप्रिल-मेमध्ये मैदानावरची धूसर हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची सकाळ सगळ्यांत भरवशाची. बागडोगरा हा हवाई दलाचा तळ असल्याने उतरताना कॅमेरा खाली ठेवा. तोवर कांचनजंगा टिपून झालेलं असेल. परतीच्या वेब चेक-इनला सवयीने पुन्हा ‘ए’वर बोट ठेवू नका. येताना हिमालय उजवीकडे असतो, म्हणून ‘एफ’.