पोट फळीसारखे कडक झाले तर वेळ दवडू नका

पोट दुखू लागले की घरात कोणी ओवा देते, कोणी एरंडेल पाजते, तर कोणी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घ्यायला सांगते. पुष्कळदा दुखणे थांबतेही. परंतु एका पोटदुखीत हेच उपाय जिवावर बेततात. तिचे नाव उदरावरणदाह. डॉक्टर तिला पेरिटोनायटिस म्हणतात.

पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असते. जठर, आतडी यांवरही तेच पांघरलेले असते. निरोगी माणसात तेथे जंतू नसतात. अपेंडिक्स फुटले, जठरातील अल्सरला भोक पडले, टायफॉइडने किंवा जबर मार लागून आतडे फाटले, तर आतली घाण या अस्तरावर पसरते आणि ते सुजते. बाळंतपणानंतरचा वा असुरक्षित गर्भपातानंतरचा जंतुसंसर्गही तेथवर पोहोचू शकतो. क्षयरोगात ही सूज हळूहळू येते व पोटात पाणी होऊ शकते.

बेड्या-कुलपांतून सहज सुटणारा जगप्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी या रोगातून मात्र सुटला नाही. ऑक्टोबर १९२६ मध्ये पोट दुखत असताना, अंगात ताप असताना तो अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात रंगमंचावर उभा राहिला. शस्त्रक्रिया झाली तेव्हा अपेंडिक्स फुटलेले होते. ३१ ऑक्टोबरला, वयाच्या ५२ व्या वर्षी तो वारला. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर दोन वर्षांनी लागला. आज औषधे आहेत; पण ‘खाडा पडेल’ म्हणून दुखणे अंगावर काढायची सवय आपल्याही घरांत आहे.

अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते व उजवीकडे खाली सरकते. ते फुटल्यावर काही वेळ बरे वाटू शकते. त्या आरामाला भुलू नका. पुढे पोट कडक होते, हात लावू देत नाही, खोकला आला तरी कळ येते. ताप, उलट्या होतात, नाडी जलद चालते, वारा सरत नाही.

अशा वेळी रोग्याला खायला-प्यायला देऊ नका. जुलाब, एनिमा, शेक, चोळणे यांपैकी काहीही करू नका. जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयात, रात्र असली तरी, तडक न्या. तेथे सलाईन, प्रतिजैविके व बहुधा शस्त्रक्रिया लागते. दुखणे कधी, कोठे सुरू झाले ते डॉक्टरांना नीट सांगा. बुडालेली मजुरी उद्या मिळवता येईल. कमावता माणूस गेला तर घर उघडे पडते.